माझं वाक्य मला म्हणू द्या

हे लिहायला मला पाच महिने लागले. डाव्या हातानं लिहिते, आणि एखादा शब्द अडला की तो दिवस तिथंच संपतो. परवा 'उंबरठा' हा शब्द आला नाही. दार डोळ्यांसमोर होतं, दाराखालची आडवी फरशी डोळ्यांसमोर होती, शब्द तेवढा नव्हता. संध्याकाळी नवरा दुकानातून आल्यावर मी त्याला हाताला धरून दाराशी नेलं आणि बोटानं दाखवलं. तो वाकून बघत म्हणाला, "काय झालं? झाडायचं राह्यलं का?" मी वही मिटून ठेवली. दुसऱ्या दिवशी भांडी विसळताना शब्द आपोआप आला. तेव्हा त्याचा मला काही उपयोग नव्हता.

माझं पोट बोलण्यावर होतं. एस.टी.त कंडक्टर होते मी, एकोणीस वर्षं. बहुतेक ड्यूटी जालना-भोकरदन रस्त्यावर. गाडी गच्च भरलेली असली तरी मागच्या बाकावरच्या माणसाला माझा आवाज जायचा. एक ड्रायव्हर म्हणायचा, "बाई, तुम्ही असल्यावर हॉर्न वाजवायची गरजच न्हाई." जागेवरून भांडण लागलं की मी एकदाच ओरडायचे आणि दोघंही बसायचे.

नवरा माझ्या अगदी उलटा. त्याचं जालन्यात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी येतात, तो जुनी तार काढून नवी भरतो. तारेचे फेरे मोजताना मधेच बोललं की मोजणी चुकते, म्हणून तो दिवसभर गप्प असतो. ती सवय घरीही आली. बँकेत, मुलीच्या शाळेत, लग्नाच्या बैठकीत, दवाखान्यात सगळीकडं मीच बोलायचे. तो शेजारी बसून मान हलवायचा. लोक म्हणायचे, जोडा चांगला जमलाय.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. चतुर्थी होती, त्यामुळं राजूरला गणपतीच्या दर्शनाची गर्दी. स्टँडवर गाडी लागली आणि चढणाऱ्यांनी दारात एकच रेटा केला. मी म्हणायला गेले, "उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या." तोंडातून निघालं, "बादली." वाटलं, जीभ घसरली. परत म्हटलं. परत "बादली." दारातली एक बाई हसली. मग तिकिटाचं मशीन हातातून निसटून पडलं, आणि उजवा हात ते उचलायला गेलाच नाही.

ड्रायव्हर आरशात बघत होता. तो उठून मागं आला, माझ्या वाकड्या झालेल्या तोंडाकडं त्यानं एकदा पाहिलं आणि गाडी कुठंही न थांबवता थेट जालन्याच्या दवाखान्यात आणली. वाटेतल्या थांब्यांवर लोक हात करत होते, गाडी थांबत नाही म्हणून शिव्या देत होते. त्या शिव्या मला अक्षर न अक्षर कळत होत्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं वर्षभर लोकांची समजूत होती की मला काही कळत नाही.

डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्हींवर घाव बसला. पाय दोन महिन्यांत सुधारला. काठी टेकत मी संडासापर्यंत जाऊ लागले. हात अर्धामुर्धा आला. बोलणं मात्र एका शब्दावर थांबलं. पाणी पाहिजे, बादली. पंखा बंद करा, बादली. दुखतंय, बादली. शब्द तोंडातून पडला की मला लगेच कळायचं, हा तो नव्हे. तिसऱ्या दिवशी नणंदेनं खरोखरची बादली आणून माझ्या कॉटजवळ ठेवली.

ही माझी मोठी नणंद, केदारखेड्याला दिलेली. भावाचं घर उघडं पडलं म्हणून ती आपलं घर सुनांवर टाकून आमच्याकडं येऊन राहिली. तिनं माझी वेणीफणी केली, अंग पुसलं, भरवलं. तिचे उपकार मी विसरणार नाही. पण ती माझ्याशी बोलायची ती कानात ओरडून, एकेक अक्षर तोडून. "जे-व-ती का?" मी बहिरी झाले नव्हते. हे तिला सांगायचं कसं? सांगायला गेलं की बादली.

त्या दवाखान्यात दर मंगळवारी संभाजीनगरहून एक मुलगी यायची. बोलणं गेलेल्या माणसांवर उपचार करायची. सगळे तिला ताई म्हणायचे, मीही मनात ताईच म्हणायचे, जरी वयानं ती माझ्या लेकीपेक्षा थोडीच मोठी होती. पहिल्या दिवशी तिनं मला चित्रं दाखवली. कप, कुलूप, मांजर. मी तीन वेळा बादली म्हटलं आणि तोंड फिरवलं. तिनं चित्रं बाजूला ठेवली, माझा डावा हात हातात घेतला आणि हळू आवाजात एक आरती सुरू केली. लहानपणापासून पाठ असलेली. दुसऱ्या ओळीला मी तिच्याबरोबर होते. शब्द पुरते, स्पष्ट, एकामागून एक. नवरा उभा राहिला. नणंदेनं हात जोडले, "देवानं वाचा दिली गं बाई!" आरती संपली. ताईनं विचारलं, "काकू, आता तुमचं नाव सांगा."

"बादली."

नणंदेनं जोडलेले हात खाली सोडले. ताईला मात्र त्यात नवल वाटलं नाही. ती म्हणाली, "बोलण्याचा मुख्य रस्ता डाव्या बाजूनं जातो, तो खचलाय. गाण्याला उजव्या बाजूनंही वाट असते. रोजची वाक्यं आपण त्या वाटेनं आणून बघू. पण आरती पाठ असणं वेगळं आणि आपल्या मनातलं बोलणं वेगळं. आणि सगळ्यांनाच याचा सारखा फायदा होतो असं नाही, हे आधीच सांगते."

तिची पद्धत अशी. वाक्य छोटं घ्यायचं, "मला पाणी द्या." त्याचे दोन सूर करायचे, एक वरचा, एक खालचा. जोर असलेलं अक्षर वर, बाकीची खाली. प्रत्येक अक्षराला माझ्या डाव्या हातावर एक टिचकी. आधी नुसतं गुणगुणायचं, मग दोघांनी मिळून म्हणायचं. जमू लागलं की बरोबरच्या माणसानं अर्ध्या वाक्यावर थांबायचं आणि उरलेलं मी एकटीनं पुरं करायचं. शेवटी सूर काढून टाकायचा आणि साधं बोलायचं. ऐकायला सोपं. रोज दोनदा, न चुकता, महिनोन् महिने.

घरी पोचेपर्यंत नणंदेच्या डोक्यात याचं वेगळंच झालं होतं. "गाण्यानं लकवा बरा होतो," तिनं सगळ्या भावकीत सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून माझ्या उशाशी मोबाइलवर भजनं लावली. ती दुपारपर्यंत चालली. चार्जिंग संपलं की तिचा जीव खालीवर व्हायचा, मला तेवढंच सुख. मला भजनाचं वावडं नाही, पण एकोणीस वर्षं खडखडणाऱ्या गाडीत काढलेल्या बाईला घरी शांतता लागते. मी मोबाइलकडं बोट दाखवून हात हलवायचे. ती म्हणायची, "मोठ्यानं करू का? बराबर हाय," आणि आवाज वाढवायची.

मला बघायला येणाऱ्यांचा त्रास निराळाच. चहा झाला की नणंद म्हणायची, "थांबा, आता बघा," आणि आरती सुरू करायची. मी म्हणू लागले की पाहुण्यांचे डोळे मोठे व्हायचे. "बोलता तर येतंय की हिला!" मग कोणीतरी विचारायचं, "मला वळखलं का?" आणि पुढं काय व्हायचं ते सांगायला नको. असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी मी ओठ मिटून घेतले. नणंद म्हणाली, "आज मूड न्हाई तिचा."

मंगळवार सोडून बाकीचे दिवस ताई व्हिडिओ कॉलवर शिकवायची. तेही फसलं. तिकडून तिनं "मला" म्हटलेलं माझ्यापर्यंत यायला वेळ लागायचा. मी म्हणेपर्यंत ती "पाणी"वर गेलेली असायची. दोघींचा सूर एकदाही एकत्र पडेना. मधेच चित्र अडकायचं, ताई तोंड उघडं टाकून थांबलेली दिसायची आणि मीही तशीच. शेवटी ती म्हणाली, "घरातलंच माणूस पाहिजे, शेजारी बसून म्हणणारं. काका, तुम्हाला करावं लागेल."

नवरा घाबरला. "मला? मला न्हाई जमायचं. मी कधी आरतीतबी तोंड उघडत न्हाई." पण दुसरं कोण होतं? मुलगी पुण्यात नोकरीला. नणंद एकदा सुरू झाली की सूर एक न राहता त्याचं भजनच व्हायचं.

पहिल्या दिवशी त्यानं दार लावलं, खिडकी लावली, पडदासुद्धा ओढला. मग माझा डावा हात मांडीवर घेऊन इतक्या बारीक आवाजात "मला पाणी द्या" म्हणाला की मला हसू आलं. आजारपणातलं ते पहिलं हसू. तारेचे फेरे मोजणाऱ्याची बोटं त्याची, टिचकी एकदम नेमकी पडायची. तिसऱ्या आठवड्यात मी त्याच्याबरोबर "मला पाणी द्या" म्हटलं. पुरतं. त्यानं पाणी आणून दिलं, पण मी प्याले नाही, पेल्याकडं बघत बसले.

तो महिना बरा गेला. मग एका मंगळवारी ताई सहज म्हणाली, "काका, तुमचा सूर फार चांगला आहे हो. आणि लयही पक्की."

त्याला आयुष्यात असं कोणी म्हटलं नव्हतं. मीही नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. त्या दिवसापासून खिडकी उघडी राहू लागली. पुढच्या आठवड्यात दार. आवाज मोठा झाला, त्याला हरकती आल्या. "मला पाणी द्या"मध्ये कुठं हरकत घ्यायची? तो घ्यायचा. दुकानातही गाऊ लागला. शेजारचा वेल्डिंगवाला मला बघायला आला तेव्हा म्हणाला, "भाभी, भाईजान तो बिलकुल बदल गये. काम करते करते गाते हैं." गाण्याच्या नादात नवऱ्यानं एका मोटारीत फेरे कमी भरले, ती पुन्हा जळून आली. लोकांना त्याचं कौतुक. वीस वर्षं ज्याचा आवाज ऐकला नव्हता तो माणूस आता येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत होता. माझ्याबद्दल, माझ्यावतीनं, माझ्यासमोर. "तिला काय म्हणायचंय..." असं त्याचं प्रत्येक वाक्य सुरू व्हायचं, आणि पुढं जे यायचं ते दहातून दोन वेळाच मला म्हणायचं असायचं.

मला राग यायचा. त्या रागाची लाजही वाटायची. माणूस दुकान टाकून रोज दोनदा माझा हात धरून बसतो, आणि मी मनात म्हणते, माझा आवाज गेला आणि तो तुम्हाला सापडला.

खरी अडचण पुढं आली. आता त्यानं अर्ध्यावर थांबायची पायरी होती. ताईनं दोनदा, चारदा बजावलं. "मला भूक" इथं तुम्ही गप्प, "लागली" काकूंनी म्हणायचं. तो मान डोलवायचा. घरी बसलो की "मला भूक" म्हणायचा, माझ्या तोंडाकडं बघायचा, माझे ओठ हलू लागायचे आणि तेवढ्यात तो स्वतःच "लागलीऽ" म्हणून मोकळा. मी डोळे वटारायचे. "हां हां, चुकलं. परत." परत तेच. तीन महिने आम्ही त्या एका पायरीवर होतो. त्याच्याबरोबर मला पंचवीस-तीस वाक्यं यायची, एकटीला एकही नाही.

वाक्यंही त्यानंच निवडलेली. भूक लागली, गोळी द्या, झोप आली, संडासला जायचं. सगळी आजारी माणसाची. एका मंगळवारी मी कपाटातून माझा खाकी ड्रेस काढला, पिशवीत घातला आणि ताईच्या टेबलावर ठेवला. त्यावर बोट ठेवून मी माझ्या छातीवर बोट ठेवलं. नवरा म्हणाला, "तिला काय म्हणायचंय, की हा आता कोणाला तरी देऊन टाका." मी काठी आपटली. ताई माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "कामावर जायचंय?" माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं वाक्य करून दिलं, "मला काम करायचंय." ते मी इतकं घोटलं की झोपेतही बोटं हलायची.

माझी रजा संपत आली होती. गाडीवर परत जाणं शक्य नव्हतं, पण बसून करायचं हलकं काम मिळू शकतं असं सोबतच्या बायकांनी सांगितलं होतं. त्यासाठी डेपोच्या साहेबांना भेटायचं होतं. मी साडी नेसले, नणंदेनं पदराला पिन लावून दिली, आणि मी नि नवरा ऑफिसात गेलो.

साहेब भला माणूस होता. उठून खुर्ची दिली. मग बसला आणि नवऱ्याला विचारलं, "कशी आहे तब्येत त्यांची?" मी समोर बसले होते. नवरा सांगू लागला. पाय, हात, गोळ्या, मंगळवार. साहेबानं विचारलं, "त्यांना स्वतःला काम करायची इच्छा आहे का?" हे विचारतानाही तो नवऱ्याकडंच बघत होता. मी नवऱ्याच्या दंडाला हात लावला, की थांबा, हे मी सांगणार. मी डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर ठेवली. टिचकी दिली. "म-ला..." खालचा सूर, वरचा सूर, मलाच ऐकू येत होतं की हे गाणं आहे. टेबलाजवळ फाइल घेऊन उभा असलेला क्लार्क हसू दाबत होता. "का..." इथं मी अडले. नुसती अडले. "म" येत होता, ओठ मिटले होते, आणखी दोन क्षण मिळाले असते तर आला असता.

नवऱ्यानं माझा हात धरला, टिचकी दिली आणि उघड्या गळ्यानं म्हणाला, "का-म क-रा-य-चंऽय!"

सवयीनं माझंही तोंड उघडलं आणि मीही त्याच्याबरोबर म्हटलं. साहेबाच्या ऑफिसात, भर कामाच्या वेळी, आम्ही नवरा-बायकोनं जोडीनं गायलं. क्लार्क फाइल घेऊन बाहेर पळाला. साहेब टेबलावरच्या काचेकडं बघत म्हणाला, "छान, छान. प्रगती आहे. बघू आपण."

बाहेर लिंबाखाली बाक होता, तिथं मी बसले. नवरा समोर उभा राहून बोलत होता. "चांगलं झालं की. साहेब छान म्हणले. थोडं अडकली तू, पण मी सांभाळून घेतलं. पुढच्या टायमाला आपण..."

"गप बसा!"

सूर नाही, टिचकी नाही. जुना, गाडीतला आवाज. पलीकडं चहा पिणारे दोन ड्रायव्हर वळून बघू लागले. नवऱ्याचा चेहरा असा उजळला की मला आणखीनच राग आला. "बोलली! तू बोलली!" त्यानं तिथल्या तिथं ताईला फोन लावला, स्पीकरवर. "ताई, बोलली ती! गाण्याशिवाय! एकदम सरळ!"

"अरे वा! काय बोलल्या?"

ताईनं पुन्हा विचारलं. खाली बघत तो म्हणाला, "गप बसा म्हणली."

ताई हसली, पण लगेच थांबली. "काका," ती म्हणाली, "मग बसा ना गप."

त्यानं फोन खिशात घातला आणि रिक्षाला हात केला. चार दिवस त्यानं सराव घेतला नाही, दुकानात लवकर जायचा, उशिरा यायचा. नणंद मला म्हणाली, "त्यानं तुझ्यासाठी इतकं केलं, अन् पहिला शब्द तू हा काढला." मला म्हणायचं होतं की शब्द मी निवडला नव्हता, तो आला. आणि निवडता आला असता तरी कदाचित हाच निवडला असता. ते "गप बसा" पुन्हा म्हणून बघितलं तर येईना. ताईनं नंतर सांगितलं की रागातले शब्द असेच उडून येतात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नका, सराव सोडू नका.

पुढच्या मंगळवारी तिनं नवऱ्याला नवा नियम घालून दिला. अर्धं वाक्य म्हणायचं आणि उठून खोलीबाहेर जायचं. पुरं वाक्य ऐकू येईपर्यंत आत यायचं नाही.

त्याच संध्याकाळी तो माझ्यासमोर येऊन बसला. "मला चहा," दोन सुरांत म्हणाला, उठला आणि बाहेर गेला. दाराखालून मला त्याचे पाय दिसत होते. मी "पा" म्हटलं. मग काही नाही. भिंतीवरचं घड्याळ ऐकत बसले. पुन्हा "पा." त्याचे पाय हलले, दाराकडं आले, मागं गेले. मग तो आत आलाच. मला वाटलं, आता "पाहिजे" म्हणणार. पण तो खाली बसला आणि डोळे पुसू लागला. "तुला अडलेलं बघवत न्हाई मला," तो म्हणाला. "साहेबापुढं तू अडकली, तो क्लार्क हसून राह्यला व्हता. म्हणून म्हणलं मी. गायची हौस म्हणून न्हाई."

थोडी हौसही होती. ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. पण त्या दिवशी मी त्याच्या हातावर टिचकी मारली आणि दाराकडं बोट दाखवलं. तो उठून बाहेर गेला.

"पाहिजे" यायला अजून अकरा दिवस लागले. ते आलं तेव्हा बाहेर कुकरची शिट्टी चालू होती आणि त्याला ऐकूच गेलं नाही. मला पुन्हा म्हणावं लागलं.

दोन महिन्यांनी मी साहेबाकडं परत गेले. नवरा आपणहून लिंबाखाली थांबला. साहेबानं या वेळी मला विचारलं. मी सुरू केलं, अडले. त्यानं घड्याळाकडं पाहिलं आणि माझं वाक्य स्वतःच संपवलं, "म्हणजे रजा वाढवून पाहिजे." मी म्हटलं, "न्हाई." पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा त्यानं तोंड उघडलं, मी हात वर केला, जसा गाडीत करायचे. तो थांबला. मी वाक्य पुरं केलं. सूर पूर्ण गेला नव्हता, थोडा होताच. बरीच कागदपत्रं झाली, डॉक्टरांची तपासणी झाली, आणि मला पासाचे अर्ज तपासून गठ्ठे लावायचं काम मिळालं. मागच्या खोलीत, जिथं कोणाशी बोलावं लागत नाही. ते मला मुद्दामच तिथं दिलंय. काम मिळालं म्हणून मी पेढे वाटले. त्या खोलीत रोज जाऊन बसताना मात्र मला पेढ्यांची चव आठवत नाही.

नणंद केदारखेड्याला परत गेली. नवरा आता दर गुरुवारी आमच्या गल्लीतल्या मंदिरात भजनाला जातो. पुढं बसतो, लोक त्याला सुरुवात करायला सांगतात. मध्यंतरी त्यानं मलाही नेलं. मी तासभर सगळ्यांबरोबर म्हटलं, एक शब्द चुकला नाही. शेजारी बसलेली बाई खूश होऊन म्हणाली, "बाई तर एकदम बरी झाली!" बाहेर चप्पल घालताना तिनं विचारलं, "कोणत्या गल्लीत राहता तुम्ही?"

साधा प्रश्न. मला उत्तर माहीत होतं. तोंड उघडलं आणि पुढं काही नाही. नवरा माझ्या शेजारी उभा होता. त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले होते, शिकवल्यासारखे. तो वाट बघत होता. ती बाई वाट बघत होती. मग ती ओशाळली, "बरं, येते हं," म्हणून निघून गेली. घरी येईपर्यंत मी नवऱ्यावर चिडले होते. एवढं तरी सांगायचं! त्याला ते दिसलं. तो म्हणाला, "मंग बोलायचं का गप बसायचं, तूच सांग एकदा." त्याचं माझ्याकडं आजही दर वेळी वेगळं उत्तर असतं.

ताई अजून मंगळवारी येते. मी महिन्यातून एकदा जाते. ती म्हणते, तुमची चांगली प्रगती आहे, बऱ्याच जणांना इतकंही येत नाही. तिचं खरं असेल. समोर माणूस असेल, घाईत नसेल, तर मी आता चार-पाच शब्दांचं वाक्य बोलते. फोनवर अजून जमत नाही. फोनवर माझं अडलेलं तोंड कोणाला दिसत नाही. काल गॅसवाल्यांकडं नंबर लावायला मी स्वतः फोन केला. नवरा घरात होता, त्याला मी हातानंच बसायला सांगितलं. तिकडची मुलगी "हॅलो" म्हणाली. मी श्वास घेतला, डाव्या हातानं मांडीवर टिचकी दिली. ती म्हणाली, "आवाज येत नाहीये," आणि फोन ठेवला. मी परत लावला. दुसऱ्या वेळी "गॅस" एवढं म्हणून झालं होतं, तेवढ्यात तिनं फोन ठेवला. मी परत लावला.